स्कोलिओसिसच्या ऑपरेशनला अनेक वर्षं झाली, तरी पाठ दुखते: काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

स्कोलिओसिस म्हणजे पाठीच्या कण्याला बाजूला आलेला वाक. त्याच्या ऑपरेशनमध्ये धातूच्या सळ्या आणि स्क्रू बसवून मणके एकमेकांना जोडतात. हे ऑपरेशन बहुतेकांचं शाळा-कॉलेजच्या वयात होतं. पुढची काही वर्षं बरी जातात आणि मग तिशी-चाळिशीत कंबर धरायला लागते. अशा वेळी बहुतेक जण एकच चूक करतात. ऑपरेशनने जो भाग कायमचा जोडून टाकला आहे, तोच ‘मोकळा’ करायच्या मागे लागतात: मालिश, योगासनं, कमरेला वजन लावणं (ट्रॅक्शन), मोबाइलवर बघून केलेले ताण. जोडलेले मणके आता एकच सलग हाड झालेले असतात. ते वाकणार नाहीत, वाकायलाही नकोत. त्यांच्या वाटचं वाकणं-वळणं वरच्या-खालच्या मोकळ्या मणक्यांवर आणि खुब्यांवर पडतं, आणि दुखतं ते बहुधा तिथेच. म्हणून आपले कोणते मणके जोडलेले आहेत हे आधी कळायला हवं. गोळी, व्यायाम आणि एमआरआय त्यानंतर.

सर्वात आधी: यातलं काही असेल तर लेख बाजूला ठेवा

पुढीलपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा:

- लघवी तुंबणं, नकळत होणं किंवा शौचावरचा ताबा जाणं
- मांड्यांच्या आतल्या बाजूला, बसायच्या जागेवर बधिरपणा
- पाय लुळा पडणं, पाऊल घासत चालणं
- ताप आणि पाठदुखी एकत्र, किंवा जुन्या व्रणातून पाणी-पू येणं (आत धातू असेल तर जंतुसंसर्ग कित्येक वर्षांनीही होऊ शकतो)
- पडल्यावर, अपघातानंतर किंवा ‘कट्ट’ असा आवाज होऊन अचानक सुरू झालेलं तीव्र दुखणं

कारण नसताना वजन उतरत असेल, किंवा कुशी बदलूनही रात्रभर दुखणं थांबत नसेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

## १. कागदपत्रं जमवा

चार गोष्टी हव्यात: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट, इम्प्लांटचे स्टिकर आणि ऑपरेशनच्या आधीचे-नंतरचे एक्स-रे. सगळ्यात मोलाची ऑपरेशन नोट. तिच्यात ‘डी ४ ते एल ३’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. डी म्हणजे छातीच्या भागातले मणके (काही ठिकाणी त्यासाठी टी लिहितात), एल म्हणजे कमरेचे. सळ्या कोणत्या धातूच्या आहेत हेही बघा: स्टेनलेस स्टील, टायटॅनियम की कोबाल्ट क्रोम. पुढे एमआरआयच्या वेळी याचा उपयोग होतो.

डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीनुसार दाखल रुग्णांची कागदपत्रं तीन वर्षं जपावी लागतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यावी लागतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनची फाइल त्यामुळे मिळेलच असं नाही. तरीही रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज करून बघा, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्या खासगी क्लिनिकमध्येही विचारा. जुनी फिल्म काळवंडत चालली असेल तर दिवसा खिडकीच्या काचेला लावून मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

नोट नाहीच मिळाली तर नवा एक्स-रे काढल्यावर डॉक्टरांकडून दोनच गोष्टी लिहून घ्या: सर्वात वरचा जोडलेला मणका आणि सर्वात खालचा.

तपासा: खालच्या टोकाखाली किती गाद्या (दोन मणक्यांमधल्या चकत्या, म्हणजे डिस्क) मोकळ्या उरल्या? जोड एल १ ला संपला तर पाच, एल ३ ला संपला तर तीन, एल ४ ला संपला तर दोनच. जोड माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीपर्यंत गेला असेल तर कमरेत एकही मोकळी गादी नाही, आणि सगळा भार खुब्यांवर आणि कटिहाडांच्या सांध्यांवर (त्रिकास्थी आणि कटिहाड जिथे जुळतात तिथे) येतो. हा आकडा जितका लहान, तितकी पुढची काळजी जास्त.

## २. दुखणं नेमकं कुठे ते ठरवा

‘पाठ दुखते’ एवढ्याने डॉक्टरही अंदाजानेच चालतात. कोणाला तरी पाठीचा फोटो काढायला सांगा, त्यावर बोटाने जागा दाखवा, आणि खालच्या वर्णनांशी ताडून बघा.

पट्ट्याच्या रेषेत, सळ्यांच्या खाली. बसून आणि पुढे वाकून वाढतं, कधी पायात उतरतं. खालच्या मोकळ्या गाद्या आणि त्यांच्या मागचे छोटे सांधे झिजल्याची शक्यता. वर्षांनंतरच्या दुखण्यात हे फार आढळतं.

कमरेखालच्या खळीशी, एकाच बाजूला, नितंबात. खुर्चीतून उठताना, अंथरुणात कूस बदलताना, जिना चढताना कळ येते. कटिहाडाचा सांधा संशयित. जोड जितका खाली गेलेला, तितकी शक्यता जास्त.

जोडलेल्या भागाच्या मधोमध, एका बोटाने दाखवता येईल असं. एखादा मणका न जुळल्याची किंवा सळई तुटल्याची शक्यता. तुटलेली सळई काहींना काहीच त्रास देत नाही, पण नव्याने सुरू झालेलं असं दुखणं तपासल्याशिवाय सोडू नका.

खुर्चीच्या पाठीला टेकल्यावर टोचतं, कातडीखाली कठीण गाठ लागते. स्क्रूचं किंवा सळईचं टोक वर आलेलं असू शकतं. बारीक अंगाच्या माणसांत हे जास्त.

चालताना धड पुढे झुकत जातं. संध्याकाळपर्यंत गुडघे वाकवून चालावं लागतं, कठड्यावर हात टेकले की बरं वाटतं. हे विशेषतः जुन्या हॅरिंग्टन सळया बसवलेल्यांमध्ये दिसतं. ही पद्धत १९६० च्या दशकात रूढ झाली. तिच्यात पाठीचा वाक ओढून सरळ करताना कमरेची नैसर्गिक खोलीही सपाट व्हायची. अशा माणसाला ‘ताठ बस, ताठ चाल’ असं सांगून काही होत नाही, कारण ताठ होण्याची जागाच उरलेली नसते.

खांद्याच्या फऱ्यांमध्ये आणि मानेशी, संध्याकाळी जळजळ. बहुधा थकलेले स्नायू. मात्र वरच्या टोकाशी पाठीला नवीन बाक आलेला दिसला तर एक्स-रे हवाच.

## ३. चौदा दिवस नोंद ठेवा

साध्या वहीत रोज पाच गोष्टी: सकाळ, दुपार आणि रात्रीचं दुखणं (० ते १०), किती वेळ सलग बसलात, कोणतं जड काम केलं, झोप किती तास, गोळी कोणती आणि किती वाजता. दुखणं वाढलं की फक्त त्या क्षणाची नोंद न करता आदल्या दिवशी काय केलं तेही बघा. या दुखण्यात काम आज होतं आणि कळ बऱ्याचदा उद्या येते. रविवारी माळा आवरला आणि सोमवारी ऑफिसच्या खुर्चीला दोष दिला, असं खूप होतं.

## ४. तपासण्या: आधी उभ्याचा एक्स-रे

एमआरआयने सुरुवात करणं ही सर्वात महागडी चूक. आधी उभ्याने काढलेला पूर्ण मणक्याचा एक्स-रे, समोरून आणि बाजूने. मोठ्या शहरांतल्या सेंटरवर याला स्कॅनोग्राम म्हणतात. झोपवून काढलेला फक्त कमरेचा एक्स-रे तोल दाखवत नाही.

काढताना हे सांभाळा: पाय अनवाणी, गुडघे पूर्ण सरळ, हात कोपरात दुमडून मुठी गळपट्टीच्या हाडांवर, आणि फिल्ममध्ये मानेपासून दोन्ही खुब्यांच्या गोळ्यांपर्यंत सगळं यायला हवं. गुडघे नकळत वाकवले की पुढचा झोक लपतो आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो.

त्यानंतर गरजेप्रमाणे:

- सीटी स्कॅन: हाडं नीट जुळली का, स्क्रू सैल झाला का, हे पाहायला.
- एमआरआय: गादी आणि नस पाहायला. आत धातू आहे आणि तो कोणता, हे अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. धातूमुळे चित्र फाटतं, टायटॅनियमपेक्षा स्टीलने जास्त. १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनवर, धातूचा परिणाम कमी करणाऱ्या पद्धतीने, सळ्यांच्या खालच्या भागावर लक्ष ठेवून करायला सांगा. ‘जास्त ताकदीचं मशीन म्हणजे जास्त चांगलं चित्र’ हा हिशेब इथे उलटा पडतो.
- ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या चाचण्या: संसर्गाचा संशय असेल तर. मंद संसर्गात हे आकडे जवळपास नॉर्मलही असू शकतात.
- डेक्सा: हाडांची घनता. कमरेत सळ्या असतील तर तिथला आकडा फसवा. खुबा आणि मनगट मोजायला सांगा.
- व्हिटॅमिन डी.

> सावध, या पाच गोष्टी करू नका
>
> शेक देणारं शॉर्टवेव्ह डायथर्मीचं मशीन. फिजिओथेरपीच्या खोलीत ‘शेक’ या एकाच नावाखाली अनेक मशीनं वापरली जातात. शॉर्टवेव्हने आतला धातू तापतो आणि आजूबाजूचं मांस भाजू शकतं. मशीन लावण्याआधी त्याचं नाव विचारा आणि सळ्या आहेत हे सांगा, फाइलवर लिहिलेलं असलं तरी.
>
> कमरेला वजन लावणं. ज्यांनी तुमचा पूर्ण एक्स-रे पाहिला आहे अशा स्पाइन सर्जनच्या सांगण्याशिवाय नको.
>
> हाडवैद्याकडून मणका ‘बसवून’ घेणं.
>
> लहान मुलांकडून पाठ तुडवून घेणं. घरोघरी चालणारा हा प्रकार जोडाच्या टोकाशी असलेल्या मणक्यांना धोक्याचा आहे.
>
> व्रणाच्या आजूबाजूला गरम पाण्याची पिशवी थेट लावणं. तिथली कातडी बऱ्याच जणांची कायमची बधिर असते. भाजलं तरी कळत नाही, फोड आल्यावर कळतं. मधे टॉवेलची दुहेरी घडी, आणि १५ ते २० मिनिटांच्या वर नाही.

## ५. घरातली कामं बदला, व्यायामाच्या आधी

अर्धा तास व्यायाम करून उरलेला दिवस कमरेतून वाकत राहिलं तर व्यायाम वाया जातो. म्हणून ही पायरी आधी.

वाकायची एकच पद्धत: खुब्यातून. भिंतीपासून एक वीत पुढे उभे राहा. गुडघे किंचित सैल. झाडूचा दांडा पाठीला लावून एका हाताने मानेशी, दुसऱ्याने कमरेशी धरा. आता कंबर न वाकवता पार्श्वभाग भिंतीला टेकेपर्यंत मागे न्या. दांडा आणि कंबर यांच्यातली फट सुरुवातीला जेवढी होती तेवढीच राहिली पाहिजे. सपाट पाठीच्या माणसांत ती फट मुळात नसेल, तर निदान नवी तयार होऊ देऊ नका. रोज दहा वेळा, दोन आठवडे. सवय झाली की भिंतीपासून आणखी लांब.

कणीक. जमिनीवर परात घेऊन मळणं बंद. परात ओट्यावर, कोपरापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली येईल अशी. ओटा उंच पडत असेल तर पायाखाली रुंद, न डगमगणारा पाट घ्या. पीठ भिजवून १५-२० मिनिटं झाकून ठेवा, मग ते निम्म्या जोरात मळलं जातं. पोट ओट्याला टेकवा आणि हात सरळ ठेवून अंगाचा भार पुढे द्या. खांद्यांनी रेटलं तर फऱ्या भरतात, कमरेतून झुकलं तर रात्री पट्ट्याच्या रेषेत कळ येते. दहा-बारा माणसांची कणीक एकदम मळू नका, दोन घाण्यांत करा.

पाणी. वीस लिटरची भरलेली बादली म्हणजे वीस किलोंहून जास्त वजन, तेही एका हाताला, धड एका बाजूला ओढणारं. मोरीत बादली आधी स्टुलावर ठेवा, नळी लावून तिथेच भरा, मग्याने वापरा. न्यायचीच असेल तर दोन अर्ध्या बादल्या, दोन हातांत.

केर-फरशी. आखूड केरसुणीऐवजी लांब दांड्याची. मॉप ढकलताना पाय चालवा, कंबर नाही. उकिडवं बसून फरशी पुसणं सोडाच.

बसणं. मांडी घातली की कटिभाग मागे कलंडतो आणि सगळा बाक मोकळ्या गाद्यांवर येतो. पूजेला, पंगतीला बसायचंच असेल तर पार्श्वभागाखाली १० ते १५ सेंटिमीटर उंची घ्या, पाट किंवा घडी केलेल्या दोन गोधड्या, आणि पाठ भिंतीला. उठताना आधी एक गुडघा टेका, हात स्टुलावर, मग वर. एल ४ किंवा त्याखाली जोड असेल तर देशी संडासाऐवजी कमोड वापरा. घरात बदल शक्य नसेल तर कमोडची खुर्ची मेडिकलच्या सामानाच्या दुकानात मिळते.

प्रवास. एसटीत मागच्या चाकावरची आणि शेवटची सीट टाळा, दोन चाकांच्या मधली घ्या. दुचाकीवर मागे एका बाजूला पाय टाकून बसू नका. वरचा भाग वळत नसल्यामुळे तो सगळा पीळ कमरेच्या उरलेल्या दोन-तीन सांध्यांत जातो. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसा, साडीऐवजी त्या दिवशी सलवार घाला.

झोप. गादी मध्यम कडक. फळीवर झोपायचा हट्ट नको. कुशीवर झोपाल तर गुडघ्यांमध्ये उशी, आणि कंबर व गादी यांच्यात पोकळी राहत असेल तर गुंडाळलेला टॉवेल. उठताना आधी पूर्ण कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटून उठा.

## ६. दुखायच्या आधी थांबा

‘दुखायला लागलं की उठेन’ हा नियम चुकीचा आहे, कारण तोवर उशीर झालेला असतो. नोंदवहीतून बसण्याच्या तीन वेळा घ्या. समजा कळ सुरू व्हायला ३०, २० आणि ४० मिनिटं लागली. सरासरी ३०. त्याचे ८० टक्के म्हणजे २४ मिनिटं. मोबाइलवर २४ मिनिटांचा गजर लावा आणि बरं वाटत असलं तरी उठा. दोन मिनिटं चालून परत बसा. आठवडाभर दुखणं वाढलं नाही तर दोन-तीन मिनिटं वाढवा. उभं राहणं, चालणं आणि ओट्याजवळची कामं यांनाही हाच हिशेब.

खरी परीक्षा चांगल्या दिवशी असते. अंग हलकं वाटलं की आठवड्याची साठलेली कामं एका दिवसात उरकली जातात आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. ठरवलेली वेळ चांगल्या दिवशीही तीच पाळा.

## ७. व्यायाम

तुमच्या जोडाची माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या, मग घरी करा.

पहिले दोन आठवडे: सपाट रस्त्यावर १० मिनिटं चालणं, दिवसातून दोनदा. उताणं झोपून, गुडघे वाकवून, फासळ्यांच्या खालच्या कडांवर हात ठेवून हळू श्वास, पाच मिनिटं. छातीचा वाक मोठा असलेल्यांची फुप्फुसं ऑपरेशननंतरही कमी फुलतात, आणि धाप लवकर लागली की पाठीचे स्नायूही लवकर थकतात.

तिसऱ्या आठवड्यापासून, एक दिवसाआड, प्रत्येकी ५-६ वेळा, ८ ते १० सेकंद धरून:

- पोट हलकं आवळून धरणं, श्वास चालू ठेवून
- उताणं झोपून पार्श्वभाग उचलणं
- हातापायांवर येऊन विरुद्ध हात-पाय उचलणं. कंबर खाली पडू लागली तर फक्त पाय
- कुशीवर, गुडघे टेकवून, कोपरावर धड उचलणं
- एक गुडघा टेकून खुब्याच्या पुढच्या स्नायूचा ताण, ३० सेकंद

शेवटचा ताण पुढे झोक जाणाऱ्यांनी चुकवू नये. खुब्यात मागे जायला जागा मिळाली तरच धड थोडं सरळ होतं.

हलासन, सर्वांगासन, चक्रासन, धनुरासन, अर्धमत्स्येंद्रासन आणि पूर्ण सूर्यनमस्कार वर्ज्य. वर्गात शिक्षकांना आधी सांगा. ‘हळूहळू होईल’ हे इथे लागू नाही.

तपासा: व्यायामानंतर ० ते १० च्या मापात दुखणं जास्तीत जास्त दोन अंकांनी वाढलं आणि २४ तासांत पूर्वपदावर आलं तर चालेल. त्याहून जास्त वाढलं किंवा टिकलं तर पुढच्या वेळी एक तृतीयांश कमी करा, बंद करू नका.

## ८. गोळ्या मोजा

मेडिकलमधून मिळणाऱ्या पाठदुखीच्या अनेक गोळ्यांत दोन-तीन औषधं एकत्र असतात, आणि त्यातलं एक बहुधा पॅरासिटामॉल असतं. त्यातच तापासाठी ६५० ची गोळी घेतली की तेच औषध दुप्पट होतं. निरोगी प्रौढाला २४ तासांत पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. वजन कमी, यकृताचा त्रास, दारू किंवा रोजचं सेवन असेल तर मर्यादा आणखी खाली, ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा आणि वहीत मिलिग्रॅम लिहा.

अ‍ॅसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब यांसारख्या गोळ्या पोट, किडनी आणि रक्तदाब यांना जड जातात. महिनोन्‌महिने स्वतःहून घेऊ नयेत. नसांसाठी प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन चालू असेल तर एकदम तोडू नका, आणि झोप येत असेल तर गाडी चालवू नका. लेबल नसलेल्या ‘वेदनाशामक’ पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. त्याने आठवड्यात आराम पडतो आणि स्क्रूंना धरून ठेवणारं हाडच पोकळ होत जातं.

तंबाखू, मिश्री, सिगारेट: निकोटिनने हाडं जुळायला अडथळा येतो आणि गाद्या लवकर झिजतात. मिश्री ‘फक्त दातांना’ लावली तरी निकोटिन अंगात जातंच.

## ९. दुखणं उसळलं तर

आधी वरची धोक्याची यादी वाचा. त्यातलं काही नसेल तर: कामं निम्मी करा, पण अंथरुणात दोन दिवसांपेक्षा जास्त राहू नका. दर जागत्या तासाला घरातल्या घरात दोन-तीन मिनिटं चाला. उताणं झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, दिवसातून तीनदा १०-१५ मिनिटं. डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी वेळेवर घ्या, असह्य होईपर्यंत थांबू नका. श्वासाचा व्यायाम चालू ठेवा, बाकीचे तिसऱ्या दिवसापासून निम्म्या संख्येने. आठवडाभरात उतार नसेल तर डॉक्टरांकडे. झोप उडाली असेल, मन खचत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. महिनोन्‌महिने दुखत राहिलं की मज्जासंस्था स्वतःच जास्त संवेदनशील होते, म्हणून झोप आणि मन यांचा इलाज हाही पाठीचाच इलाज आहे.

## १०. ‘सळ्या काढून टाका’ म्हणण्याआधी

नुसत्या दुखण्यासाठी सळ्या काढून आराम मिळेल याची खात्री नसते, आणि काढल्यानंतर वाक पुन्हा वाढू शकतो. दुखण्याचं कारण एका ठिकाणी पकडता आलं, उदाहरणार्थ संशयित सांध्यात भूल देणारं इंजेक्शन दिल्यावर काही तास दुखणं स्पष्ट उतरलं, तर पुढचा उपचार नेमका ठरतो. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा मोठं आणि जास्त जोखमीचं असतं. म्हणून असे रुग्ण नेहमी हाताळणाऱ्या दोन सर्जनांची मतं घ्या आणि दोघांनाही हेच चार प्रश्न विचारा: कारण नेमकं कोणतं आणि ते कशावरून? जोड आणखी किती खाली जाईल? त्यानंतर मला खाली वाकणं, कमोडवर बसून स्वच्छता करणं जमेल का? ऑपरेशन नाही केलं तर पाच वर्षांत काय होईल?

बाळंतपणाचा विचार असेल तर ऑपरेशन नोट घेऊन सातव्या महिन्याच्या आधीच भूलतज्ज्ञांना भेटा. कमरेतून भूल देता येईल का, ते जोड कुठे संपतो यावर ठरतं, आणि हे प्रसूतीच्या टेबलावर ठरवायची वेळ येऊ देऊ नका.